दुचाकीवरून कुद्रेमुखच्या अरण्यात

आपल्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाची कारणे ठरलेली असतात. मालाची खरेदी, उधारीची वसुली, लग्नकार्य, आणि चातुर्मास संपला की तीर्थयात्रा. यांपैकी एकही कारण नसताना आठ दिवस घराबाहेर राहणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय, असा सर्वसाधारण समज आहे. साठी ओलांडलेल्या पतिपत्नींनी मोटारसायकलवर तंबू बांधून अरण्यात मुक्कामाला जावे, हे तर कोणत्याच खात्यात बसत नाही. म्हणून प्रवासाचे वर्णन करण्यापूर्वी थोडा खुलासा करणे आवश्यक वाटते.

बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत बहुतेक काळ मी ग्रामीण शाखांत होतो. कर्जदारांच्या विहिरी, गोठे आणि गुऱ्हाळे पाहण्यासाठी मोटारसायकल हेच साधन होते, आणि बदलीच्या नव्या गावी सुट्टीच्या दिवशी आसपासचा मुलूख पाहायला आम्ही दोघे त्याच गाडीवरून निघत असू. पुढे मुले मोठी झाली, घरात मोटार आली आणि गाडी व्हरांड्यात उभी राहिली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सौभाग्यवतींनीच विषय काढला. “अहो, यात्रा झाल्या, मुलांची लग्ने झाली. आता आपले काहीही काम नाही अशा एखाद्या ठिकाणी जाऊ या.” ठिकाणही त्यांनीच सुचवले. यात्रेच्या बसमधून आम्ही कार्कळला तीनदा गेलो होतो. बाहुबलींच्या टेकडीवरून पूर्वेकडे निळ्या डोंगरांची उंच भिंत दिसते. प्रत्येक वेळी त्या भिंतीकडे पाहून आम्ही बसमध्ये बसलो आणि मूडबिद्रीच्या दिशेने निघून गेलो. ती भिंत म्हणजेच कुद्रेमुख. या खेपेस तिच्या आत जायचे ठरले.

चिरंजिवांनी अपेक्षेप्रमाणे विरोध केला. मोटार घ्या, चालक देतो, चांगल्या हॉटेलात राहा, असे पर्याय पुढे आले. वैद्यांनी मात्र दोघांची तपासणी करून एवढेच सांगितले, की दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करावेत आणि दिवसाकाठी तीनशे किलोमीटरपेक्षा अधिक चालवू नये. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांमुळे डोंगर चढण्याचा बेत पहिल्यापासूनच वगळला होता.

मोटारसायकलवरील प्रवासात पहिला प्रश्न सामानाचा असतो. मागील चाकाच्या दोन बाजूंना दोन पिशव्या आणि मागे बांधलेली एक वळकटी, याहून अधिक काही नेता येत नाही. दोघांचे कपडे, दोन माणसांचा तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, रेनकोट, औषधे, टॉर्च, पंक्चरचे सामान, चेनचे तेल आणि पाणी गाळण्याचे फडके एवढ्यावर यादी संपली. खाण्याच्या डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि जयसिंगपूरचे भडंग होते. प्रवचनातून परिग्रह-परिमाणाविषयी अनेकदा ऐकले होते. पण वळकटीचा पट्टा आवळताना एकेक वस्तू बाहेर काढून ठेवावी लागली, तेव्हा त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ कळला. घरी ठेवलेल्या वस्तूंपैकी एकीचीही आठ दिवसांत आठवण झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून निघालो. बेळगाव, हुबळी, यल्लापूर, अंकोला आणि तेथून समुद्राच्या काठाने उडुपी व कार्कळ असा मार्ग धरला. अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात आहे. पहिला मुक्काम यल्लापुरास केला. दुसऱ्या दिवशी अरबैल घाट उतरून किनाऱ्याला लागलो. होन्नावरजवळ शरावतीचा प्रशस्त पूल ओलांडताना क्षणभर गाडी हळू केली. याच नदीच्या वरच्या अंगाला गेरसोप्पे आहे. सोळाव्या शतकात तेथे राज्य करणाऱ्या चेन्नभैरादेवी या जैन राणीला पोर्तुगीज ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. या किनाऱ्याचा व्यापार किती जुना आहे, याची एवढी एक खूण पुरेशी आहे.

मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही; वारा आणि हेल्मेट आड येतात. त्यामुळे आमच्यात जुनी खुणेची भाषा पुन्हा सुरू झाली. खांद्यावर एक थाप म्हणजे वेग कमी करा, दोन थापा म्हणजे थांबा, आणि डाव्या किंवा उजव्या खांद्यावर बोट टेकले म्हणजे त्या बाजूला पाहा. इतक्या वर्षांनंतरही दोघांपैकी कोणालाही ती आठवावी लागली नाही.

कार्कळच्या खडकाळ टेकडीवरील बाहुबलींची मूर्ती सुमारे ४२ फूट उंच असून ती १४३२ साली वीर पांड्य भैररस या राजाने प्रतिष्ठित केली. समोरच्या लहान टेकडीवर १५८६ सालची, १०८ खांबांची चतुर्मुख बसदी आहे. हे सर्व वाचकांनी पाहिलेले असेलच. एक गोष्ट मात्र यात्रेच्या घाईत आमच्या ध्यानात आली नव्हती. भैररसांचे राज्य कळस-कार्कळ राज्य या जोडनावाने ओळखले जाते. कार्कळ घाटाखाली आहे आणि कळस हे गाव घाटावर, भद्रा नदीच्या काठी. एक राजघराणे डोंगराच्या दोन्ही अंगांवर राज्य करीत होते आणि मधला दुवा होता घाटवाटांचा. आज राष्ट्रीय उद्यानातून जाणारा रस्ता हीच दोन गावे जोडतो. म्हणजे ज्या रस्त्याने आम्ही निघालो होतो तो आपल्याच इतिहासाचा एक जुना रस्ता होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्कळला पेट्रोलची टाकी पूर्ण भरून निघालो. बजगोळी मागे पडली की सुपारीच्या बागा विरळ होतात आणि माळा गावाजवळ वनखात्याचे नाके लागते. येथे गाडीचा क्रमांक आणि प्रवेशाची वेळ लिहून चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी पलीकडच्या नाक्यावर दाखवावी लागते, आणि ठराविक वेळेत अरण्य पार करावे, वाटेत रेंगाळू नये, असा नियम आहे. आमच्याजवळ शिबिराच्या मुक्कामाचे अनुमतिपत्र होते. ते पाहून नाक्यावरील तरुण वनरक्षकाने एकदा आमच्याकडे, एकदा गाडीकडे पाहिले आणि कन्नडमध्ये काही विचारले. सौभाग्यवतींचे माहेर चिकोडी तालुक्यातले असल्याने कन्नड त्यांची बालपणापासूनची भाषा आहे. त्यांनी हसून उत्तर दिले. पुढे गेल्यावर मी विचारले, तर म्हणाल्या, “मुले कुठे आहेत, असे विचारत होता. मी सांगितले, घरी आहेत; आम्हाला सोडायला तयार नव्हती.”

घाट सुरू झाला तसा उजेड कमी झाला. दोन्ही बाजूंनी झाडांनी आभाळ झाकले होते आणि रस्ता ओलसर होता. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला फारसा हात न लावता, एकेक वळण घेत वर चढलो. एस. के. बॉर्डर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाक्यावर रस्ता दुभंगतो. एस. के. म्हणजे साउथ कॅनरा. इंग्रजी अमदानीतील जिल्ह्याची सीमा अजून त्या नावात शिल्लक आहे. एक फाटा शृंगेरीकडे जातो आणि दुसरा कुद्रेमुख व कळसाकडे. आम्ही दुसरा धरला, आणि थोड्याच अंतरावर अरण्य संपून आभाळ उघडले.

समोर जे दिसले त्याचे वर्णन नेमके करणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा विचार त्यावर आधारलेला आहे. डोंगरांच्या पाठी आणि माथे केवळ गवताने झाकलेले होते. त्यावर एकही मोठे झाड नव्हते. पण दोन डोंगरांच्या मधल्या प्रत्येक घडीत, प्रत्येक निरीत, गर्द जंगल दाटून बसले होते. दुरून पाहता हिरव्या वस्त्राच्या चुण्यांत काळसर किनार शिवल्यासारखे दिसते. या घडीतल्या जंगलांना शोला म्हणतात. येथे वर्षाकाठी पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. गवत आणि त्याखालची माती तो पाऊस शोषून घेतात, शोलातील झाडांची मुळे व कुजलेल्या पानांचे थर तो धरून ठेवतात, आणि पावसाळा संपल्यावर महिनोन् महिने थोडाथोडा ओढ्यांत सोडतात. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून परिचित व्यवस्था दुसरी नाही. ही मुदत ठेव आहे. माती आणि जंगल हे मुद्दल, आणि उन्हाळ्यात वाहणारे पाणी हे त्याचे व्याज.

या ठेवीचे लाभार्थीही थोडेथोडके नाहीत. येथील गंगामूळ या डोंगरभागात तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्यांचा उगम मानला जातो. नेत्रावती पश्चिमेकडे उतरून मंगळूरजवळ अरबी समुद्राला मिळते. तुंगा आणि भद्रा पूर्वेकडे जातात, शिवमोग्याजवळ कूडली येथे एकत्र येऊन तुंगभद्रा होतात, आणि ती तुंगभद्रा पुढे कृष्णेला मिळते. आमच्या सांगलीच्या घाटावरून जाणारे पाणी आणि या डोंगरातले पाणी शेवटी एकाच पात्रातून बंगालच्या उपसागराकडे जाते. ‘गंगा स्नान, तुंगा पान’ ही म्हण आपल्याकडेही परिचित आहे. ते पान करण्याजोगे पाणी सुरू कोठे होते, ते त्या दिवशी प्रथम पाहिले.

भगवती येथील वनखात्याचे निसर्गशिबिर भद्रेच्या काठावर आहे. राष्ट्रीय उद्यानात वाटेल तेथे तंबू ठोकण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळे या दोन रात्री शिबिरातल्या कायम उभारलेल्या तंबूत काढल्या. आमचा तंबू वळकटीतच राहिला. येथे भद्रा अजून बाल्यावस्थेत आहे. पाणी खडकांवरून खळाळत जाते, आणि तळाचे गोटे मोजता येतील इतके ते नितळ आहे.

जेवणाविषयी घरून निघतानाच काळजी होती. सौभाग्यवतींनी स्वयंपाक्याला गाठून सांगितले, ईरुळ्ळी नको, बेळ्ळुळ्ळी नको, जमिनीखाली वाढणारे काहीच नको, आणि जेवण सूर्य मावळण्यापूर्वी हवे. तो स्वयंपाकी कार्कळ बाजूचा होता. त्याने मान हलवून विचारले, “बसदीवाले का?” पुढे काहीही सांगावे लागले नाही. साडेपाचला गरम भात, सार, केळफुलाची भाजी आणि ताक समोर आले. सूर्यास्तानंतर आम्हाला करण्यासारखे काही उरत नसे, आणि तेच या मुक्कामाचे खरे सुख ठरले. दिवे नाहीत, दूरदर्शन नाही, फोनला संपर्क नाही. नदीचा आवाज आणि मधूनच रानातून येणारे भेकराचे भुंकणे ऐकत आम्ही तंबूच्या दारात बसून राहिलो. गेल्या अनेक वर्षांत आम्ही सलग दोन तास, मधे कोणी न येता, बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिबिरातील वनरक्षकासोबत ओढ्याच्या काठाने थोडे फिरलो. पाऊस संपून महिना उलटला असला तरी ओल्या पाचोळ्यात जळवा होत्या. अनेकजण त्यांवर मीठ टाकतात. मीठ पडताच जळू तडफडून मरते. सौभाग्यवतींनी त्याला नकार दिला. वनरक्षकाने मग नखाने हळूच सोडवून ती पानावर ठेवण्याची युक्ती दाखवली. जखमेतून थोडे रक्त वाहते, पण अपाय काही होत नाही. थोडे पुढे गेल्यावर माझ्या उजव्या खांद्यावर बोट टेकले गेले. गाडीवरील सवय पायी चालतानाही कायम होती. उंच झाडाच्या शेंड्यात चार-पाच काळी वानरे होती. तोंडाभोवती राखाडी-पांढरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हेच सिंहपुच्छ वानर. जगात ते केवळ पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळते आणि बहुतेक आयुष्य झाडांच्या शेंड्यांतच घालवते. म्हणून सलग जंगलात एखादी मोठी मोकळी पट्टी पडली, की त्याच्या दृष्टीने वाट तुटते. पाच मिनिटांत ती वानरे फांद्याफांद्यांवरून दिसेनाशी झाली. वनरक्षक हळू आवाजात म्हणाला की पर्यटक मोटारीतून खाऊ टाकतात म्हणून काही ठिकाणी माकडे रस्त्यावर येऊन चिरडली जातात. दया करायची असेल तर काही देऊ नका.

त्याच दिवशी दुपारी कुद्रेमुख गावात गेलो. कन्नडमध्ये कुदुरे म्हणजे घोडा. एका बाजूने पाहता शिखराचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसतो, त्यावरून हे नाव. शिखराची उंची १,८९२ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास अडीचशे मीटरने अधिक. मात्र वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आमच्या काळी कुद्रेमुख हे नाव शिखरामुळे नव्हे, तर लोखंडाच्या खाणीमुळे माहीत होते.

येथील डोंगरात मॅग्नेटाइट जातीचे लोहखनिज आहे. ते काढण्यासाठी १९७६ साली केंद्र सरकारने कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी स्थापन केली. इराणने भांडवलासाठी कर्ज द्यावे आणि माल त्यानेच घ्यावा, असा करार होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि एकमेव मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. सर्व व्यवसाय एका खरेदीदारावर अवलंबून ठेवू नये, हे आम्ही कर्जदारांना सांगत आलो. त्याचे इतके मोठे उदाहरण क्वचितच असेल. कंपनीने मात्र चिकाटीने अन्य देशांत बाजार मिळवला. खनिज दळून, पाण्यात मिसळून, ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून थेट मंगळूरच्या बंदराला नेले जाई. तांत्रिक दृष्ट्या ते मोठे काम होते यात शंका नाही.

दळलेल्या दगडातून लोखंड वेगळे काढल्यावर जो गाळ उरतो, तो साठवण्यासाठी लक्या नदीवर सुमारे १०० मीटर उंचीचा बांध घातला. तो आजही उभा आहे आणि त्यामागे तो गाळ साचलेला आहे. डोंगर खणला जात असताना पावसाळ्यात माती वाहून भद्रेत जाई. हा सारा प्रदेश १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून अधिसूचित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर आहे. खाणीचा पट्टा १९९९ मध्ये संपला आणि नूतनीकरणाचा प्रश्न आला, तेव्हा के. एम. चिन्नप्पा या निवृत्त वनाधिकाऱ्यांनी वन्यजीव कार्यकर्त्यांच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये निर्णय दिला आणि २००५ च्या अखेरीस खाण बंद झाली. जमिनीत खनिज शिल्लक होते, यंत्रे चालू होती, कंपनी नफ्यात होती. तरीही काम थांबले.

नफ्यातला व्यवसाय थांबवणे ही गोष्ट आपल्या कोणत्याही पेढीवर सहज पटणारी नाही. मलाही ती केवळ निसर्गप्रेमाच्या आधारे पटली नसती. पण नदीच्या काठी बसून तो हिशेब मी जमाखर्चाच्या भाषेत मांडून पाहिला. हिशेबशास्त्रात खाणपट्ट्याची किंमत खनिज निघेल तशी कमी दाखवण्याची पद्धत आहे. पण पट्ट्याची किंमत म्हणजे सरकारला भरलेली रक्कम. डोंगराची माती, शोलातील झरे, खाली लक्कवळ्ळीच्या भद्रा धरणावर शेती करणारा शेतकरी, हे त्या किमतीत कोठेच नसतात. जे पुस्तकात घेतलेलेच नाही, ते कमी झाले तरी पुस्तकात दिसत नाही. मुद्दल मोडून मिळालेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, तर कोणताही लेखापरीक्षक आक्षेप घेईल. येथे ते मुद्दल दुसऱ्याचे होते म्हणून आक्षेप घेणारा कोणी नव्हता. आणि लक्याचा बांध? कंपनीने खाण सोडली तरी तो गाळ वाहून जाऊ नये म्हणून बांध कायम सांभाळावा लागणार. खाणीची आयुर्मर्यादा पंचवीस वर्षांची ठरली. बांधाच्या जबाबदारीला मुदत नाही. आपल्या भाषेत ही आकस्मिक देयता आहे, आणि ती फेडण्याची तारीख कोणालाही ठाऊक नाही.

पण खात्याची दुसरी बाजूही आहे आणि ती लिहिली नाही तर हिशेब खोटा ठरेल. कुद्रेमुख गाव खाणीसाठी वसवलेले होते. आखीव रस्ते, कामगारांच्या चाळी, शाळा, रुग्णालय. आज अनेक घरे बंद आहेत, भिंतींवर शेवाळ चढले आहे आणि अंगणांत रानटी झुडपे माजली आहेत. रस्त्यालगत एक लहानसे हॉटेल उघडे होते. तेथे कॉफी घेताना सौभाग्यवतींनी मालकाशी गप्पा सुरू केल्या. वडील खाणीच्या कँटीनमध्ये होते, आपण याच गावच्या शाळेत शिकलो, असे त्याने सांगितले. खाण बंद झाल्यावर शेजारी एकेक करून निघून गेले. मित्र मंगळूरला आणि बंगळूरला गेले. “त्या काळी पावसात नदी लाल वाहायची. आता पाणी स्वच्छ असते,” तो म्हणाला, आणि थोडे थांबून पुढे म्हणाला, “पण स्वच्छ पाण्यावर घरभाडे देता येत नाही.” सौभाग्यवतींनी ते वाक्य मला मराठीत सांगितले, तेव्हा माझ्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. आजही नाही. न्यायालयाचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, आणि त्या निर्णयाची किंमत या माणसासारख्यांनी भरली हेही तितकेच खरे आहे. मुदत संपणार हे माहीत असलेल्या उद्योगाने पहिल्या दिवसापासून कामगारांच्या पुढच्या उपजीविकेसाठी निधी वेगळा काढला पाहिजे. आपण घसारा काढतो तसाच.

तिसऱ्या रात्री मात्र आमचा स्वतःचा तंबू वळकटीतून बाहेर आला. उद्यानाची हद्द ओलांडून कळसाच्या वाटेवर संसे हे गाव लागते. शिखराला पूर्वी या गावावरूनच संसेपर्वत म्हणत. येथे चहाचे मळे आहेत आणि उतारावर कॉफीच्या बागा. एका बागायतदाराने आपल्या अंगणात तंबू लावण्यास परवानगी दिली. खुंट्या ठोकायला दगड मी आणला, दोऱ्या सौभाग्यवतींनी ताणल्या; अर्ध्या तासात घर तयार झाले. तेथून शिखर समोर दिसत होते. सकाळी तरुणांचा एक गट पाठीवर पिशव्या घेऊन चढाईला निघाला आणि त्यांनी आम्हालाही बोलावले. सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्ही जा, आम्ही येथूनच पाहतो.” दोन तास आम्ही कॉफीच्या झाडांखाली बसून, ढग शिखरावर चढताना आणि उतरताना पाहत होतो. बागायतदाराच्या आई आमच्याजवळ येऊन बसल्या आणि दोघी स्त्रियांचे कन्नडमध्ये सुपारीच्या भावापासून सुनांच्या नोकऱ्यांपर्यंत सर्व बोलून झाले.

परतीला कळस, शृंगेरी आणि शिवमोगा असा मार्ग घेतला. शिवमोग्याजवळ कूडलीच्या संगमावर थांबलो. एका बाजूने तुंगा येते, दुसऱ्या बाजूने भद्रा. चार दिवसांपूर्वी जिच्या तळाचे गोटे मोजता येत होते ती भद्रा येथे रुंद आणि संथ झाली होती. पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कुद्रेमुख आहे आणि आपले राधानगरी, चांदोली, कोयना व कास पठारही आहे. म्हणजे अशी ठेव आपल्या दाराशीही आहे. आपल्यापैकी अनेकांचे कारखाने, गिरण्या आणि शेती त्याच व्याजावर चालतात. नवा प्रकल्प काढताना, जमीन घेताना, खाणीत किंवा क्रशरमध्ये भागीदारी करताना कागदावर एक ओळ वाढवावी, एवढीच माझी विनंती आहे: यात मुद्दल कोणाचे मोडते?

ज्यांना हा प्रवास करावासा वाटेल त्यांच्यासाठी काही सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात दुचाकीने घाट चढू नये. शिबिराचे आरक्षण वनखात्याकडून आधी करून घ्यावे आणि अनुमतिपत्राची छापील प्रत जवळ ठेवावी, कारण अरण्यात फोन चालत नाही. पेट्रोल कार्कळलाच भरावे. नाक्यावर दिलेली वेळ पाळावी, हॉर्न वाजवू नये, प्लॅस्टिक नेऊ नये आणि नेलेच तर परत आणावे. शिबिरात पोहोचताच स्वयंपाक्याला जेवणाची वेळ आणि पथ्य सांगावे. ते आनंदाने सांभाळतात. मोटारसायकल झेपत नसेल तर मोटारीने जावे, पण कार्कळची यात्रा करून घाटाखालूनच परत फिरू नये. दोन दिवस अधिक काढावेत आणि वर जावे. आणि कुद्रेमुख गावातल्या त्या हॉटेलात कॉफी अवश्य घ्यावी.